फिरंगी शब्द फ्रान्सवरून आलाय का? मग आपण पोर्तुगीजांना फिरंगी का म्हणायचो?

फ्रान्सवरून नाही, फ्रान्सलाच ज्यांच्यावरून नाव पडलं त्यांच्यावरून. फ्रँक म्हणजे ऱ्हाईनकाठच्या जर्मानिक टोळ्या, तिसऱ्या शतकात रोमन लोकांच्या नोंदीत हे नाव यायला लागतं. पुढे त्यांच्या क्लोविस राजाने ५०० च्या आसपास आजचा बराचसा फ्रान्स घेतला आणि गंमत बघा, राज्य करता करता हेच लोक तिथली लॅटिनची बोली बोलायला लागले, स्वतःची भाषा गेली पण नाव मात्र अख्ख्या देशाला चिकटलं. तिकडे जर्मनीत फ्रँकफर्ट आहेच, म्हणजे फ्रँकांचा नदीउतार. राज्य त्यांचं असल्यामुळे फ्रँक म्हणजे कुणाचा बांधील नसलेला, मोकळा माणूस असा अर्थ झाला, आपण ऑफिसात 'फ्रँकली सांगू का' म्हणतो ते तिथूनच.

आता आपल्याकडे कसं आलं? १०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, जेरुसलेम घेतलं, त्यात फ्रान्सकडचे खूप होते म्हणून अरब लोक सरसकट सगळ्या पश्चिम युरोपियनांना इफ्रंज म्हणायचे, मग इटलीचा असो की कुठला. फारसीत त्याचं फरंगी, आणि तेच मराठीत फिरंगी. पोर्तुगीज समुद्रमार्गे पहिले आले, त्यामुळे शिक्का त्यांच्यावर बसला. नंतर खरे फ्रेंच आले तेव्हा त्यांचं नाव आधीच वाटलं गेलेलं! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, टोपीकरांची म्हणजे युरोपियनांची यादी आहे बघा, फिरंगी वेगळे, इंग्रज वेगळे, वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे आणि फ्रेंचांना फरासीस. फिरंगी आणि फरासीस, मूळ एकच नाव पण माणसं दोन. मला तर हे जाम आवडतं.

आणि फिरंग तलवार राहिलीच. एका म्युझियममध्ये जवळून बघितलीय, पातं सरळ लांब, मूठ मात्र आपल्याकडची, मुठीच्या मागे बोटाएवढा गज निघालेला, दोन्ही हातांनी वार करायचा तर दुसरा हात त्यावर. पाती पोर्तुगीजांमार्फत यायची म्हणून फिरंग, पण त्यातली कितीतरी घडवलेली जर्मनीत.