ट्रेनमधलं ‘घाटी’ आणि मीटिंगमधलं ‘घाटी’

प्रश्न: ताई, डोंबिवलीहून रोज जाणारा आमचा लोकलचा ग्रुप आहे, तिथे आम्ही एकमेकांना घाटी, मेल्या, च्यायला काय वाट्टेल ते म्हणतो, मीपण म्हणतो. पण परवा ऑफिसात प्रेझेंटेशन देताना एक इंग्लिश शब्द चुकला तर सिनियर सगळ्यांसमोर ‘घाटी तो घाटी ही रहेगा’ म्हणून हसला. चार दिवस झोप नाही. बायको म्हणते ट्रेनमध्ये चालतं मग इथे काय झालं. माझंच चुकतंय का?

उत्तर: नाही हो दादा, वहिनींना सांगा, शब्द तोच असला तरी मामला वेगळाय. घाटी म्हणजे खरं तर घाटावरचा. सातारा-कोल्हापूरकडून गिरणीत, गोदीत हमालीला आलेल्यांना मुंबईत हे चिकटलं आणि मग त्याचा अर्थ गावंढळ असा झाला (आम्ही कोकणातले, आमच्या चाळीतपण सर्रास म्हणायचे, आता शहरात आम्हीसुद्धा घाटीच!). ट्रेनमध्ये तुम्ही म्हणता तेव्हा समोरचा लगेच उलटी शिवी घालू शकतो, आणि घालतोच. सिनियरला घालाल? तुमचं अप्रेजल त्याच्या हातात. माझी मालवणी आजी ‘मेल्या, जेवलंस काय’ म्हणायची, त्यात ताटात वाढलेला मासा दिसायचा, इथे काय दिसतंय ते तुम्हीच बघा.

कायदापण नुसता शब्द बघत नाही. मार्च २०२४ मध्ये एका वेब सिरीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिव्या आहेत म्हणजे लगेच अश्लील असं होत नाही, संदर्भ बघायला लागतो. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, म्हणजे जुनं आयपीसी ५०४, त्यातसुद्धा मुद्दाम केलेला अपमान आणि समोरच्याला भडकवायचा हेतू किंवा तशी जाणीव असं सगळं लागतं. तुमची केस तिथवर न्यायची मला तरी गरज वाटत नाही.

‘मस्करी केली रे’ असं तो म्हणेल, आणि कदाचित खरंच मस्करी असेलही. म्हणून एकदा चहाला बाजूला घेऊन साधं सांगा, सर, मला ते लागलं, परत नको. त्यानंतरही म्हणाला तर मग मस्करीचं कारण संपलं, तारीख आणि समोर कोण कोण होतं ते लिहून एचआरला मेल टाका. ट्रेनवाल्यांना काही सांगू नका, नाहीतर उद्यापासून तेच वाक्य रोज ठाण्यापर्यंत ऐकायला लागेल.