नूतनचे सिनेमे पहिल्यांदाच बघायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

थेट 'बंदिनी'पासून (1963, दिग्दर्शक बिमल रॉय). नाशिकरोडच्या घरी आईबरोबर मी तो पहिल्यांदा पाहिला. कल्याणी (म्हणजे नूतन) विष देण्याचा निर्णय घेते तो प्रसंग आला तेव्हा आई निवडत असलेली मेथी तशीच हातात राहिली होती. त्या प्रसंगात संवाद जवळपास नाहीतच. बाहेर घणाचे घाव पडताहेत, चेहऱ्यावर उजेड-अंधार हलतोय आणि सगळं नूतनच्या डोळ्यांत घडतं. लग्न आणि मुलाच्या जन्मानंतर केलेली ही भूमिका आहे, त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

मग मागे जाऊन 'सुजाता' (1959) आणि 'सीमा' (1955) बघा. 'सीमा'तली चिडलेली, बंडखोर मुलगी बघितली की नूतन म्हणजे फक्त सोशिक बाई हा समज गळून पडतो. हलकंफुलकं हवं असेल तर देव आनंदबरोबरचा 'तेरे घर के सामने'.

पदार्पण 1950 साली, आई शोभना समर्थ यांच्या 'हमारी बेटी'त. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार पाच वेळा मिळाला, शेवटचा 'मैं तुलसी तेरे आंगन की'साठी. 1991 मध्ये, चौपन्नाव्या वर्षी त्या गेल्या. फार लवकर.