न कळलेला चित्रपट पुन्हा पाहावासा का वाटतो?

प्रश्न : धंतोलीत एका परिचितांच्या घरी आम्ही काही जण अधूनमधून एकत्र बसून चित्रपट पाहतो. मागच्या खेपेस डेव्हिड लिंच यांचा ‘इरेजरहेड’ लावला होता. निम्मी मंडळी मध्येच उठून गेली. मला कथा नीटशी कळली नाही, त्यातले ते विचित्र अर्भक पाहून किळस आली, रात्री झोपही उशिरा लागली. तरीही तो पुन्हा पाहावा असे सारखे वाटते आहे. माझ्या पत्नीच्या मते ही आवड निरोगी नाही. अशा चित्रपटांत ओढून घेण्यासारखे काय असते? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या प्रश्नाची अर्धी बाजू आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वीच विचारात घेतली आहे. भयानक, बीभत्स आणि करुण यांपासून प्रेक्षकाला आनंद कसा मिळतो, या कोड्याचा विचार करताना अभिनवगुप्ताने असे सांगितले की, रंगभूमीवरचे भय हे ना नटाचे असते ना आपले. स्वतःच्या लाभहानीपासून सुटलेले असल्यामुळेच त्याचा आस्वाद घेता येतो. नेहमीच्या भयपटांना हे उत्तर पुरते. तेथे भूत दिसते, त्याचे गाऱ्हाणे कळते, त्याचा बंदोबस्त होतो आणि साठलेली भीती वाहून जाऊन आपण हलक्या मनाने घरी येतो.

आपण पाहिलेल्या चित्रपटात मात्र भावनेला असा निचरा मिळत नाही. ते अर्भक किळसवाणे आहे, त्याच वेळी ते आजारी आहे आणि रडते आहे, म्हणून त्याची दयाही येते. आणि या दोहोंपैकी कोणती भावना योग्य, हे दिग्दर्शक शेवटपर्यंत सांगत नाही. जुगुप्सा आणि करुणा एकाच वस्तूविषयी, एकाच क्षणी जागी होते आणि त्यांतली एकही पूर्णत्वाला जात नाही. आपली झोप लांबवणारी आणि पुन्हा पाहण्याची इच्छा निर्माण करणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे.

हे कसे साधले आहे, ते पुन्हा पाहताना आधी कानांनी तपासा. लिंच आणि ध्वनिरचनाकार अ‍ॅलन स्प्लेट यांनी यंत्रांची घरघर, वाफेचा फुत्कार आणि वारा यांचा एक खालच्या पट्टीतला आवाज जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर चालू ठेवला आहे. कानाला खरी शांतता मिळतच नाही, आणि त्यामुळे काहीही घडत नसलेली रिकामी खोलीसुद्धा धोक्याची वाटू लागते. कृष्णधवल चित्रणात खोल्यांचे कोपरे अंधारात विरघळतात. दृश्य संपले असे वाटल्यावरही ते आणखी थोडा वेळ पडद्यावर रेंगाळते. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे काय, तर सासरच्या मंडळींकडचे जेवण, रात्रभर रडणारे मूल आणि बाप होण्याची धास्ती. फ्रॉइड यांनी १९१९ मधल्या एका निबंधात म्हटले होते की, सर्वांत अस्वस्थ करते ते परके नव्हे, तर ओळखीचेच काही परके होऊन समोर येणे. ताटातले कोंबडीचे पिल्लू कापू जाताच पाय हलवू लागते, तो प्रसंग या दृष्टीने पाहावा.

स्वतंत्र निर्मितीचा येथे थेट संबंध आहे. या चित्रपटाचे चित्रीकरण १९७२ मध्ये सुरू झाले, पैशांअभावी थांबत थांबत चालले आणि तो १९७७ मध्ये प्रेक्षकांपुढे आला. कोट्यवधींची गुंतवणूक करणाऱ्या निर्मात्याने पहिल्याच आठवड्यात खुलासा मागितला असता. लिंच यांनी तर जानेवारी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत ना अर्थ सांगितला, ना ते अर्भक कसे बनवले हे सांगितले. अशा स्वातंत्र्याची किंमतही मोठी असते. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ मध्ये पूर्ण झाला. चित्रपटगृहांत तो रीतसर लागला २०१४ मध्ये.

दुर्बोधता आणि अस्वस्थता या एकच नव्हेत, हेही येथे सांगायला हवे. भास्कर हजारिका यांचा ‘आमिस’ (२०१९) हा असमिया चित्रपट आपल्या मंडळींना पुढच्या खेपेस अवश्य दाखवा. गुवाहाटीतली एक विवाहित डॉक्टर आणि एक तरुण संशोधक यांची एकमेकांविषयीची ओढ स्पर्शाऐवजी मांसाच्या पदार्थांतून वाट काढते. कथा आरशासारखी स्वच्छ आहे, तरीही तो ‘इरेजरहेड’पेक्षा कमी बेचैन करत नाही.

नागपूरकरांना तर न कळण्याची भीती वाटण्याचे कारणच नाही. ग्रेस यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप सातत्याने घेतला गेला, तरी अर्थ हाती येण्याआधीच तिचा नाद आणि तिच्या प्रतिमा मनात घर करतात, हे आपल्या शहराने अनुभवले आहे.

मात्र प्रत्येक विचित्र चित्रपट चांगला नसतो. मुखवटे, रक्त आणि उलट्या फिरवलेल्या आवाजांची रास रचून प्रेक्षकाला दडपून टाकणारे चित्रपट पुष्कळ आहेत. दुसऱ्यांदा पाहताना सुटी वाटलेली दृश्ये एकमेकांशी बोलू लागली, तर त्या विचित्रपणाला स्वतःचा नियम आहे असे समजावे. ती सुटीच राहिली, तर तो चित्रपट खुशाल सोडून द्यावा. उठून गेलेल्या मंडळींचे आणि आपल्या पत्नींचेही काही चुकलेले नाही, कारण त्यांना आलेली किळस खरीच आहे आणि ती सोसत बसण्याचे बंधन कोणावरही नसते.

प्रश्न : महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी रात्री उशिरापर्यंत असेच चित्रपट पाहते. तिच्या मनावर परिणाम होईल का? — एक माता, मानेवाडा, नागपूर

उत्तर : केवळ या आवडीवरून काळजी करू नये. तिचे जेवणखाण, मैत्रिणींत मिसळणे किंवा अभ्यास यांत ठळक बदल जाणवत असेल, तर त्याचा विचार चित्रपटांपासून वेगळा करून करावा आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. तसे काही नसेल, तर रविवारच्या दुपारी तिच्या शेजारी बसून एक चित्रपट पाहा. निवड तिला करू द्या, आणि तो चालू असताना अर्थ विचारू नका. संपल्यावर कोणते दृश्य तिला सोडवेना, एवढेच विचारा.