जुन्या बासरीतून भुकटी गळतेय? आधी घुण मारा

प्रश्न असा आहे: सांगलीतल्या एका शाळेच्या संग्रहालयाला जुनी बासरी भेट मिळाली आहे. तिसऱ्या छिद्राखाली भेग आहे, खोक्यात पिठासारखी भुकटी पडते. तेल पाजून ती वाजती करावी का?

तेल नको, फुंकणं तर मुळीच नको. फुंकेचा ओलावा आतून बांबूला फुगवतो, बाहेरची साल कोरडीच राहते. भेग अशानेच टोकापर्यंत धावते. तेल रोज वाजणाऱ्या बासरीला. संग्रहातल्या बासरीवर ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

काळ्या कागदावर बासरी हलकेच ठोका. मैद्याइतकी बारीक भुकटी पडली आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, तर बांबूतल्या पिष्टावर जगणारा घुण आहे. भोकाची कड आतून स्वच्छ, फिकट असेल तर भोक ताजं. बासरी टिश्यूत गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रिजचा बर्फाचा कप्पा चालणार नाही, त्याचं दार दिवसभर उघडतं. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. दव पिशवीवर धरू दे, बासरीवर नको. लाखेचा रंग किंवा रोगण असेल तर मात्र हा उपाय करू नका, रंग तडकू शकतो. मग वेगळ्या डब्यात ठेवून भुकटीवर लक्ष ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

भेगेत फेव्हिकॉल, अ‍ॅरल्डाइट भरू नका. रुंद सुती फीत सैलसर गुंडाळली की पुरे. करकचून आवळलं तर पावसाळ्यात फुगलेल्या बांबूला शेजारीच नवी चीर जाते. जुने दोऱ्याचे वेढे मूळचे असू शकतात, ते सोडू नका. मिरजेत कारागिरांची वाण नाही, पण हात तंतुवाद्यांवर बसलेला. ‘पॉलिश करून देतो’ म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा.

नोंदवहीत लांबी, दोन्ही टोकांचे आतले-बाहेरचे व्यास, भिंतीची जाडी, बुचाची जागा आणि फुंकेच्या छिद्राच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राच्या मध्याचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. बोटांची छिद्रं सहा की सात, हेही. लांब बासरीला सातवं छिद्र असेल तर ती पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी रूढ केलेल्या घडणीची असू शकते; तशी बासरी त्यांच्या काळाआधीची समजू नका.

ठेवताना आडवी, धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटावर. दोरीने टांगू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आत आर्द्रतामापक ठेवा: ४५ ते ५५ टक्के हवी. एप्रिलची कोरड आणि जुलैची ओल यांतली उडीच भेग वाढवते, म्हणून एखादा आकडा हुकला तरी चालेल, पण काटा सावकाश हलला पाहिजे.