के-पट्ट्यातील प्रत दोन सूचींत वेगळी का?

प्रश्न : एकाच ताऱ्याची के या अवरक्त पट्ट्यातील प्रत (तेजस्वितेचा आकडा; तारा जितका तेजस्वी तितका तो लहान) दोन तारासूचींत काही शतांशांनी वेगळी दिसते. यातील एक मोजमाप चुकीचे समजावे काय? आणि अवरक्त निरीक्षणांसाठी ‘प्रमाण तारे’ का लागतात? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बहुतेक वेळा दोन्ही मोजमापे बरोबर असतात, वेगळे असतात ते फिल्टर. जे, एच आणि के हे पट्टे अनुक्रमे 1.25, 1.65 आणि 2.2 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास येतात, कारण त्यांच्या अधेमधे हवेतील बाष्प अवरक्त किरण जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. जुन्या फिल्टरांच्या, विशेषतः जे-फिल्टरांच्या, कडा या स्वच्छ पट्ट्यांबाहेर जात असत, त्यामुळे ताऱ्याचा किती प्रकाश मोजला जाईल हे काही अंशी त्या रात्रीच्या दमटपणावर ठरत असे. हवाईतील मौना की येथील वेधशाळांसाठी आखलेला अरुंद फिल्टर-संच 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, तो हाच दोष कमी करण्यासाठी.

प्रमाण तारा म्हणजे ज्याची प्रत आधीच काळजीपूर्वक ठरवलेली आहे असा तारा. निरीक्षक आपल्या ताऱ्याच्या आधी आणि नंतर, शक्यतो आकाशात तेवढ्याच उंचीवरील प्रमाण ताऱ्याकडे दुर्बीण वळवतो आणि हवेने व उपकरणाने मिळून किती प्रकाश खाल्ला याचा हिशेब त्यावरून लावतो. के-पट्ट्यात आकाशच उजळ असते. त्याच्या एका चौरस विकलेतून (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) येणारा प्रकाश साधारण तेराव्या प्रतीच्या ताऱ्याइतका भरतो, आणि त्यात ऊबदार दुर्बिणीचे स्वतःचे उत्सर्जनही मिसळलेले असते. म्हणून प्रत्येक छायाचित्रानंतर दुर्बीण काही विकला सरकवतात आणि अशा अनेक छायाचित्रांवरून आकाशाचा प्रकाश काढून तो वजा करतात. माझ्या मते या कामात सर्वाधिक चिकाटी इथेच लागते.

मोजपट्टीचे शून्य परंपरेने अभिजित ताऱ्यावरून ठरवले आहे, त्यामुळे त्याचे रंग निर्देशांकही (दोन पट्ट्यांतील प्रतींमधील फरक) शून्याच्या जवळ धरले जातात. याउलट मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी डोळ्यांना साधारण अर्ध्या प्रतीचा दिसतो, पण के-पट्ट्यात त्याची प्रत सुमारे उणे चार भरते. मात्र मोठ्या दुर्बिणींवरील प्रकाश टिपणाऱ्या संवेदकांना अभिजित झेपत नाही, इतका तो तेजस्वी आहे. म्हणून मौना कीवरील 3.8 मीटरच्या ‘युकर्ट’ दुर्बिणीसाठी साधारण दहाव्या ते पंधराव्या प्रतीचे मंद प्रमाण तारे निवडले गेले. शिवाय अभिजित निर्दोषही नाही. ‘आयरास’ उपग्रहाला 1983 मध्ये त्याच्याभोवती धूळ आढळली, आणि पुढे के-पट्ट्यातही सुमारे एक टक्का प्रकाश तप्त धुळीचा असल्याचे दिसून आले. एक टक्का म्हणजे साधारण एक शतांश प्रत, तेव्हा आपण विचारलेल्या फरकाच्या प्रमाणात तो नगण्य म्हणता येत नाही.

हवा जितकी कोरडी तितके हे काम सोपे होते. लडाखमधील हानले येथे सुमारे 4500 मीटर उंचीवर दुर्बीण उभारण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि तिथले ‘टर्सपेक’ हे अवरक्त उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधले आहे.

आपण दोन्ही सूचींचे फिल्टर आधी पाहावेत आणि ताऱ्याच्या जे व के प्रतींमधील फरक वापरून रूपांतराचे समीकरण लावावे. ते समीकरण निळसर आणि तांबड्या, दोन्ही प्रकारच्या प्रमाण ताऱ्यांवरून काढलेले असावे. त्यानंतरही दिलेल्या त्रुटीपेक्षा मोठा फरक उरला, तर तो तारा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, असण्याची शक्यता तपासून पाहावी.