वाचकांचे प्रश्न: हम्फ्री जेनिंग्ज आणि आवाजातून बांधलेला माहितीपट

प्रश्न: हम्फ्री जेनिंग्ज मुळात चित्रकार होता, असं वाचलं. मग तो माहितीपटांकडे कसा वळला?

चित्रकार होता, कवीही होता, आणि दोन्ही शेवटपर्यंत राहिला. जन्म 19 ऑगस्ट 1907 चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सफक परगण्यातल्या वॉल्बर्सविक गावचा. केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला, कवी थॉमस ग्रेवर संशोधन सुरू केलं, ते अर्धवट राहिलं. 1934 मध्ये तो ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागात, म्हणजे जीपीओ फिल्म युनिटमध्ये दाखल झाला. तिथे सुरुवातीला नेपथ्य, संकलन असं पडेल ते काम केलं.

पुढच्या तीन वर्षांतल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, त्याच्या माहितीपटांची किल्ली त्यांच्यात आहे. 1936 मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या आयोजकांत तो होता. 1937 मध्ये चार्ल्स मॅज आणि टॉम हॅरिसन यांच्यासोबत त्याने ‘मास ऑब्झर्वेशन’ हा उपक्रम उभा केला. सामान्य माणसं दिवसभरात काय करतात, काय बोलतात, याच्या बारीक नोंदी ठेवणं हे या उपक्रमाचं काम. अतिवास्तववादाकडून असंबद्ध वाटणाऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवायची सवय आली, मास ऑब्झर्वेशनकडून रोजच्या जगण्याकडे टक लावून पाहायची. त्याचं उत्तम काम या दोन्हींच्या बेरजेतून आलेलं आहे.

युद्ध सुरू झाल्यावर 1940 मध्ये टपाल खात्याचा हा चित्रपट विभाग माहिती मंत्रालयाखाली ‘क्राउन फिल्म युनिट’ झाला. जेनिंग्जची ज्यामुळे ओळख टिकली, ते बहुतेक सगळे माहितीपट पुढच्या पाच-सहा वर्षांतले.

प्रश्न: ‘लिसन टू ब्रिटन’मध्ये निवेदनच नाही. तरी वीस मिनिटं मन कुठे भरकटत नाही. मी तसाच छोटा माहितीपट करून पाहिला, तर तो नुसती दृश्यांची माळ वाटतो. चूक कुठे होत असावी?

चूक बहुधा आवाजात आहे. युद्धकाळातल्या ब्रिटनच्या रोजच्या आवाजांतून बांधलेल्या 1942 च्या या माहितीपटाच्या श्रेयनामावलीत जेनिंग्जच्या बरोबरीने स्ट्युअर्ट मॅकअ‍ॅलिस्टर या संकलकाचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. दृश्यांना साथ म्हणून आवाज मागाहून लावलेला नाही; एका प्रसंगातून दुसऱ्यात नेण्याचं काम आवाज करतो.

एक तुकडा जवळून पाहा. घरातली एक बाई खिडकीबाहेर बघते. शाळेच्या पटांगणात मुलं गोल करून नाचताहेत, पियानो वाजतोय. मग गणवेशातल्या एका सैनिकाची तसबीर. आणि त्याच गावाच्या रस्त्यावरून लष्करी गाड्या खडखडत जातात. नवरा कुठे आहे, बाईला काय वाटतं, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पियानोच्या सुरांवर तो खडखडाट येऊन आदळतो आणि सगळं कळतं. इथे निवेदनाचं एक वाक्य घातलं असतं, तर प्रसंग मेला असता.

पुढे कारखान्याच्या कँटीनमध्ये फ्लॅनगन आणि अ‍ॅलन ही जोडी गाते, कामगार जेवता जेवता साथ देतात. तिथून थेट लंडनच्या नॅशनल गॅलरीत: मायरा हेस पियानोवर मोझार्ट वाजवतेय, श्रोत्यांत राणी (राजा सहाव्या जॉर्जची पत्नी) आहे, आणि युद्धामुळे चित्रं हलवलेली असल्याने भिंतींवर रिकाम्या चौकटी. दुपारच्या जेवणाच्या वेळच्या या मैफली ऑक्टोबर 1939 मध्ये सुरू झाल्या होत्या, तिकीट एक शिलिंग. कँटीनमधलं गाणं आणि मोझार्ट यांत उच्च काय नि हलकं काय, हे जेनिंग्ज सांगत नाही. दोन्हीकडे माणसं कशी ऐकताहेत, तेवढं दाखवतो.

आता तुमच्या कामाबद्दल. दृश्य आणि त्याचा आवाज एकाच जागी तोडला की प्रत्येक जोड उघडा पडतो, कारण डोळा आणि कान दोघांनाही एकाच क्षणी धक्का बसतो. तुमची माळ याचमुळे होते. पुढच्या प्रसंगाचा आवाज दृश्याच्या आधी आणा. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर 15 ते 25 फ्रेमपासून सुरुवात करा आणि कानाने ठरवा. कधी उलट करा, आधीच्या प्रसंगाचा आवाज पुढच्या दृश्यावर थोडा रेंगाळू द्या. प्रत्येक जागी चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून निदान एक मिनिट त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करा. दोन खोल्यांची शांतता सारखी नसते. हा तुकडा हाताशी नसला की जोडाच्या जागी आवाजात भोक पडतं आणि मग लोक ते संगीताने बुजवतात. तिथेच माहितीपट जाहिरातीसारखा वाटू लागतो.

शेवटी चित्र बंद करून नुसता आवाज सलग ऐका. कान जिथे कंटाळेल तिथे दृश्य कितीही सुंदर असलं तरी कापा. जोडीला एक तपासणी आणखी: प्रत्येक जोडापाशी ‘हे दोन शेजारी का?’ असं स्वतःला विचारा. उत्तर ‘नंतर घडलं म्हणून’ एवढंच असेल, तर तो जोड कच्चा आहे.

एक सूचना. काही प्रतींच्या सुरुवातीला लेनर्ड ब्रॉकिंग्टन या कॅनडाच्या वकिलाचं प्रास्ताविक भाषण आहे. निवेदनाशिवाय परदेशी प्रेक्षकांना समजणार नाही, या धास्तीने ते जोडलेलं. ते संपल्यावर जिथे वाऱ्याने डोलणारं शेत दिसतं, तिथून पाहायला लागा.

प्रश्न: त्या काळी आवाज आणि चित्र एकत्र मुद्रित करत नसत का?

करत, पण स्टुडिओबाहेर ते फार जड काम होतं. आवाज फिल्मवरच प्रकाशरेषेच्या रूपात उतरवावा लागे आणि ती सामग्री गाडीतून न्यावी लागे. ब्रिटिश माहितीपटवाल्यांचा हुकमी कॅमेरा होता न्यूमन-सिंक्लेअर: 35 मिलिमीटरचा, चावीच्या स्प्रिंगवर चालणारा, एका वेळी 200 फूट फिल्म घेणारा. फुटाला 16 फ्रेम, सेकंदाला 24, म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आत फिल्म खलास. शिवाय यंत्राची घरघर. त्यामुळे बरंचसं चित्रण मुकं होई आणि आवाज स्वतंत्रपणे गोळा होई. इतरांना ही अडचण वाटली. जेनिंग्ज आणि मॅकअ‍ॅलिस्टर यांनी तिचीच शैली केली.

प्रश्न: ‘फायर्स वर स्टार्टेड’मधली आग मुद्दाम लावलेली होती म्हणे. मग त्याला माहितीपट म्हणावं का?

आग लावलेली होती, हे खरं. लंडनवरचे रोजचे हवाई हल्ले मे 1941 मध्ये थांबले आणि चित्रीकरण झालं 1942 मध्ये. सेंट कॅथरिन गोदीच्या भागातल्या, आधीच बाँबने उद्ध्वस्त झालेल्या इमारतींत नियंत्रित आगी लावल्या, आतले काही प्रसंग पाइनवुड स्टुडिओत घेतले. पण पडद्यावरचे अग्निशमन दलाचे जवान खरे आहेत. त्यांनी हवाई हल्ल्यांतल्या आगी प्रत्यक्ष विझवल्या होत्या आणि चित्रीकरणातही नळी धरून तेच विझवत होते.

संवाद लिहून पाठ करून घेतलेले नाहीत. प्रसंग सांगायचा आणि त्यांच्या बोलण्यातून वाक्यं घडवायची, अशी रीत होती. हल्ल्याआधी नवा जवान पियानोवर ‘वन मॅन वेंट टू मो’ वाजवतो आणि एकेक जण तयार होऊन खोलीत शिरतो, तसं गाण्याचं एकेक कडवं वाढतं. तुकडी कशी बनते, हे त्यात दिसतं. म्हणून हा माहितीपटच, असं आमचं ठाम मत आहे. मात्र प्रसंग पुन्हा घडवलेला आहे, हे लपवू नये.

तुम्हाला असं काही करायचं असेल, तर माणसाला तो रोज करतो तेच काम द्या. ‘दमल्यासारखा दिसा’ म्हटलंत की तो नट होतो. जड नळी खरोखर तीन जिने चढवायला लावलीत की वेगळं काही सांगावं लागत नाही. वाक्य हातात देऊ नका, ते वाचल्यासारखंच बाहेर येतं. आणि चांगला टेक मिळाल्यावर ‘आणखी एक’ म्हणू नका. कसलेला नट पुन्हा तेच करू शकतो. साधा माणूस मघाशी केलेल्याची नक्कल करतो.

‘आय वॉज अ फायरमन’ या नावाची याच माहितीपटाची आधीची आवृत्ती लांब होती. वितरकांना ती संथ वाटली, म्हणून कापून 1943 मध्ये प्रदर्शित झाली. मिळाली तर लांब आवृत्ती पाहा. संथ भागातच माणसं ओळखीची होतात.

प्रश्न: जेनिंग्जचा मृत्यू कसा झाला?

24 सप्टेंबर 1950 रोजी, ग्रीसमधल्या पोरोस बेटावर. नव्या माहितीपटासाठी जागा पाहत असताना तो कड्यावरून पडला. वय 43.

मागे एक अपूर्ण पुस्तक राहिलं: यंत्रयुग येताना माणसांनी लिहिलेल्या उताऱ्यांचा संग्रह, ‘पँडिमोनियम’. 1660 ते 1886 या काळातली पत्रं, रोजनिशा, कविता, अहवाल त्याने वर्षानुवर्षं जमवले होते. ते 1985 मध्ये प्रकाशित झालं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात हिरव्या कुरणातून धुराडी वर येतात, त्या भागामागे या पुस्तकाची प्रेरणा होती. पुस्तकाची पद्धतही त्याच्या माहितीपटांचीच आहे: उतारे शेजारी ठेवायचे आणि दुवा वाचकाला जोडू द्यायचा.

प्रश्न: कुठल्या क्रमाने पाहावेत?

आधी ‘स्पेअर टाइम’ (1939): पोलाद, कापूस आणि कोळसा या तीन धंद्यांतले कामगार फावल्या वेळात काय करतात. मग ‘लंडन कॅन टेक इट’ (1940, हॅरी वॉटसोबत). अमेरिकी प्रेक्षकांसाठी केलेल्या या माहितीपटात क्वेंटिन रेनल्ड्स या अमेरिकी पत्रकाराचं सलग निवेदन आहे; त्यानंतर लगेच ‘लिसन टू ब्रिटन’ पाहिलात की निवेदन गेल्यावर काय मोकळं होतं ते कळेल. पुढे ‘फायर्स वर स्टार्टेड’. त्यानंतर ‘द सायलेंट व्हिलेज’ (1943): नाझींनी जून 1942 मध्ये उद्ध्वस्त केलेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या लिडिट्से गावाची कहाणी, वेल्समधल्या कुमगीद या गावात, तिथल्याच लोकांना घेऊन. शत्रू जवळजवळ दिसतच नाही. येतो तो गाडीवरच्या कर्ण्यातून, आवाज होऊन.

सगळ्यांत शेवटी ‘अ डायरी फॉर टिमथी’. 3 सप्टेंबर 1944 ला, म्हणजे ब्रिटन युद्धात उतरल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी जन्मलेल्या बाळाला उद्देशून कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिलेलं निवेदन नट मायकल रेडग्रेव्ह यांनी वाचलं आहे. खाणकामगार, शेतकरी, इंजिन ड्रायव्हर आणि जखमी वैमानिक अशा चौघांचे बाळाच्या जन्मानंतरचे महिने त्यात आहेत. यात निवेदन असूनही चित्र का दबत नाही, हे शोधत पाहा: ते बहुतेकदा बाळाला प्रश्नच विचारतं.