गूळ लीस्टरला पाठवा, कंपनीची घाई नको

प्रश्न : आमचं पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ आहे. मोठ्या दिरांचा मुलगा इंग्लंडात लीस्टरला एमएस्सी करतोय. तो म्हणतो, ‘काकी, इथल्या दुकानांत गूळ चांगल्या भावानं जातो. माझ्या नावावर कंपनी काढू, तुम्ही माल पाठवा.’ आमच्या मालकांचंही तेच मत, कारण इथं सौद्यात हाती काही राहत नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : ताई, पोराचा उत्साह मोडू नका, पण कंपनीचं सध्या बाजूला ठेवा. तो स्टुडंट व्हिसावर असेल, तर तिथल्या नियमानं त्याला स्वतःचा धंदा करता येत नाही आणि कंपनीचा संचालकही होता येत नाही. गुळापायी व्हिसा जायला नको. शिक्षण संपून ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की धंद्याची मुभा असते, तेव्हा बघू.

तोवर त्याला एकच काम सांगा. दुकानं हिंडायची आणि गुळाच्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवायचे. तिथं विकायच्या पाकिटावर तिथल्या व्यापाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता छापावाच लागतो. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांची यादी फुकटात घरी आली.

आता खरी अडचण. ती गुऱ्हाळातच आहे. मार्केट यार्डात व्यापारी रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, फोडून आधी रंग बघतो. पिवळाधमक असेल तर बोली चढते. हा पिवळेपणा यावा म्हणून काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, ‘हायड्रॉस’ ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर पडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून सल्फाइट गुळात उरतं. ब्रिटनमध्ये ते किलोला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं, की ॲलर्जीच्या घटकांत धरून लेबलावर ठळक छापावं लागतं. इथं जो रंग भाव देतो, त्याच रंगामुळं तिथला आयातदार मागं सरतो. म्हणून या हंगामात गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, बसवून बोला. काही काहिली वेगळ्या धरा, उकळत्या रसावरची मळी नुसत्या भेंडीच्या रसानं काढा, आणि तो गूळ एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. गूळ काळसर होईल. गुळव्या नाक मुरडेल, यार्डातही त्याला कमीच बोली लागेल, तर लागू दे. तो माल यार्डासाठी नाहीच.

तीस किलोचा रवा तिकडं कोण उचलणार? अर्धा-एक किलोच्या ढेपा करा, नाहीतर पावडर. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि बोटीच्या कंटेनरमध्ये घाम सुटतो, तेव्हा पाकीट हवाबंदच हवं. माल फेब्रुवारीपर्यंत न्हावाशेवा बंदरातून निघालेला बरा. पावसाळ्यात गोदामात ठेवून मग पाठवायचा विचारही नको.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, ऑनलाइन 500 रुपयांत निघतो. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना आणि जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं एलयूटी हे हमीपत्र, एवढं तुमचा सीए करून देईल. गुळाचा एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचा मालाचा क्रमांक, 1701.13 मध्ये बसतो, म्हणजे सेंट्रिफ्यूज (मळी वेगळी करणारं फिरतं यंत्र) न लावता केलेली उसाची साखर. पोराला ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर हा कोड टाकून जकात बघायला सांगा, मगच भाव बोला. ‘कोल्हापूर गूळ’ या नावाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव पाकिटावर घालायचं, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. नोंद नसताना ते छापणारे पुष्कळ आहेत, त्यांचं बघून छापू नका.

पैशांचं मात्र नातं न बघता बोला. पहिल्या मालाला निम्मी रक्कम आगाऊ मागा, बाकीचीला ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा घ्या. पुढं कधी तिथल्या कंपनीत भांडवल घालायचं झालं, तर पैसे बँकेमार्फत, परदेशी गुंतवणूक म्हणून नोंद करूनच जाऊ देत. पाहुण्यांच्या खात्यातून फिरवू नका.

माझं ऐकाल तर पहिली खेप मुंबईच्या एखाद्या जुन्या निर्यातदाराच्या मालात घालून पाठवा. मार्जिन तो खाईल, खाऊ दे. ढेपा तिथं उतरल्यावर पोरानं गोदामात जाऊन पाकीट फोडायचं. गूळ कोरडा आहे की चिघळलाय, तेवढं मला पुढच्या पत्रात कळवा, मग कंपनीचं बोलू.